आईला फिरवून आणा

२१ सप्टेंबर, रविवार

पाच जागा भरल्या आणि गाडं तिथंच अडकलं. सहा बायका झाल्याशिवाय सहल परवडत नाही, हे बुद्धभूषणनं मला सुरुवातीलाच सांगितलं होतं. आज त्यानं परत सांगितलं नाही, पण चहा घेताना इतका गप्प बसला की सांगितल्यासारखंच झालं. नवरा बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

खरं म्हणजे मलाच धीर नाही. फर्दापूरच्या हॉटेलात रिसेप्शनला होते तेव्हा लेणी बघायला येणाऱ्या माणसांचं सगळं केलं. खोल्या दिल्या, गाड्या ठरवल्या, कुणाचं पाकीट गेलं तर पोलीस चौकीतही गेले. पण हॉटेल दुसऱ्याचं होतं. काही चुकलं तर मॅनेजरकडं बोट दाखवता यायचं. मालक बदलला आणि आम्हाला काढलं, त्यालाही दोन वर्षं झाली. आता हे माझं स्वतःचं काम आहे. फक्त बायकांसाठी सहली, आणि पहिलीच सहल पार गोव्याच्या हद्दीवर, चोर्ला घाटातल्या राखीव जंगलात.

सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या लांब झाडं बघायला जायचं? आपल्या गौताळ्याच्या जंगलात काय कमी झाडं आहेत?"

मी म्हटलं, "गौताळ्याची झाडं उन्हाळ्यात पानं गाळतात. तिथली बाराही महिने हिरवी."

"मग?" म्हणाल्या.



२४ सप्टेंबर, बुधवार

सहावी जागा भरली!

लासूर स्टेशनहून खंडेराव नावाच्या माणसाचा फोन आला. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर माझी जाहिरात पाठवली होती. "ताई, माझ्या आईला फिरवून आणा. जल्मभर मेंढरांमागं चालण्याबिगर तिनं काय केलं नाय. आप्पा गेल्यापासून एकटीच हिंडती कळपासंगं."

मी विचारलं, "याआधी लांबचा प्रवास झालाय का त्यांचा? रेल्वेनं वगैरे?"

तो हसला. "लासूर स्टेशनला राहून रेल्वेत नाय बसली, ताई. फाटकापाशी मेंढरं थांबवायची, गाडी जाऊ द्यायची, एवढाच तिचा रेल्वेशी संबंध."

निघण्याची आणि परतण्याची तारीख त्यानं दोनदा विचारली. अजून दोन दिवस वाढवता येतील का, असंही विचारलं. तिथं मोबाईलला रेंज असते का, हाही प्रश्न होता. मी खरं ते सांगितलं, की मुक्कामाच्या घरी थोडी असते, जंगलात अजिबात नसते. मला वाटलं आता माघार घेईल. तर म्हणाला, "नाय लागली तरी चालंल."

आईला कसलाही त्रास नको, निवांत राहू दे, असं त्याच्या मनात असणार. आजकाल असा मुलगा मिळायला नशीब लागतं. सहल झाली की त्याच्याकडून दोन शब्द रेकॉर्ड करून घ्यायचे. पेजवर टाकता येतील.

३० सप्टेंबर, मंगळवार

वयस्कर बाई नेताना आधी भेटून यावं म्हणून लासूरला गेले. खंडेरावचं घर गावाच्या कडेला आहे. दारात त्याची पिकअप गाडी आणि घराला लागूनच बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेला मेंढ्यांचा वाडा. वास लांबूनच येतो.

आक्काबाई म्हणजे काटक, काळीसावळी बाई. उभी राहिली तर ताठ, पण बसताना दोन्ही हात गुडघ्यांवर दाबते आणि आईचं नाव घेते. मला बघून पहिला प्रश्न, "तू कोणाची गं?"

"आम्ही बौद्ध. माहेर फर्दापूरचं, आता शहरात असते."

"आमच्या बांधाला बांध लागून खरातांचं शेत हाये," त्या म्हणाल्या. "तेबी तुमच्यातलेच. त्यांच्या म्हातारीनं माझी दोन बाळंतपणं केली." एवढं बोलून तो विषय संपला.

वाड्यापाशी पांढऱ्या कपड्यातला एक माणूस उभा राहून मेंढ्या न्याहाळत होता. खंडेराव म्हणाला, पाव्हणा आहे. आक्काबाई तिथूनच ओरडल्या, "काय बघतो रं एवढं? मेंढरं हायेत, नवरी नाय!" आम्ही सगळे हसलो. फक्त सून, दिपाली, हसली नाही. चहा देतानाही तिनं मान वर केली नाही. लाजाळू असावी.

मी जंगलाचं सांगायला लागले. पाऊस, झाडं, धनेश पक्षी. आक्काबाईंचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. त्या मुलाकडं बघत होत्या, आणि तो मोबाईलमध्ये. जरा वेळानं त्या म्हणाल्या, "येते."

"मावशी, पूर्ण ऐकून तरी घ्या," मी म्हटलं.

"काय आईकायचं? येते म्हटलं ना."

इतक्या चटकन तयार होतील असं वाटलं नव्हतं. मला उगीच भीती होती की मेंढ्या सोडून कशा येऊ म्हणून अडून बसतील. त्यांच्या मागं कळप कोण बघणार, हे विचारायचं राहिलंच. असेल काहीतरी व्यवस्था.

६ ऑक्टोबर, सोमवार

दिवसभर गुलमंडीत. जळवा चावू नयेत म्हणून गुडघ्यापर्यंतचे जाड कापडी मोजे शिवून घेतले. शिंप्यानं विचारलं, "बाजी, ये नाटक के लिए है क्या?" रेनकोट, ग्लुकोज, ओआरएस घेतलं.  बुद्धभूषण म्हणतो, "तू लोकांना सांभाळू शकतेस, फक्त सगळ्यांना खूश करायला जाऊ नकोस." हे त्यानं लग्नातल्या पहिल्या महिन्यातही सांगितलं होतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार. कोल्हापूर

पहाटे निघून इथं मुक्कामाला पोचलो. पाठ गेली.

गाडी सांडूभाऊंची, फर्दापूरपासूनचे ओळखीचे ड्रायव्हर. बायकांत सगळ्यात पुढं संध्या मॅडम, रिटायर्ड जीवशास्त्र शिक्षिका, गळ्यात दुर्बीण. त्यांना धनेश बघायचाय, बाकी काही दिसलं नाही तरी चालेल. मोनिका आणि करुणा या दोघी नर्स, एकाच दवाखान्यात, एकदम रजा काढून आल्यात. दीपमाला आणि सुरेखा या बहिणी, सिडकोत ब्यूटी पार्लर चालवतात. आणि खिडकीशी आक्काबाई.

आक्काबाईंनी वाटेतला एकही डोंगर बघितला नाही. कळप दिसला की मात्र मागं वळून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहायच्या. पुण्याच्या पुढं एका कळपानं सगळा रस्ता अडवला, तेव्हा सांडूभाऊ हॉर्न वाजवायला लागले. "वाजवू नको रं," त्या म्हणाल्या. "गाभण हायेत त्यातल्या."

मी सगळ्यांना सांगितलं, यांच्या मुलानं यांना पाठवलंय, स्वतःहून. दीपमाला म्हणाली, "असा मुलगा असावा बाई." आक्काबाई म्हणाल्या, "व्हय. लई गुणाचा हाये." आणि परत खिडकीकडं तोंड केलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

पोचलो. न्हानू गावस नावाच्या माणसाचं कौलारू घर, मागं लगेच जंगल. तो आणि त्याची बायको पाहुण्यांना ठेवून घेतात. वनखात्याच्या परवानगीनं तोच लोकांना आत फिरवतो. ओला, शेवाळलेला वास, आणि सगळीकडून पाणी ठिबकल्याचा आवाज. पाऊस थांबलेला असतानाही झाडांचा पाऊस चालूच असतो.

दुपारी पहिली फेरी. मला वाटलं होतं की रानात आयुष्य काढलेली बाई सगळ्यांच्या पुढं असेल. कसलं काय! पायावर पहिली जळू चढली आणि आक्काबाईंनी अशी किंकाळी फोडली की वरच्या फांदीवरचं शेकरू पळालं. मोनिकानं जळू काढली तरी त्या पाय झटकत होत्या. "रगात पेणारा किडा! ह्याला बघायला पैसे भरले व्हय?"

जंगल त्यांना आवडलेलं नाही. संध्याकाळी म्हणाल्या, "उजेड नाय. ऊन पडत नाय. वर बघून बघून मान दुखली. आन् एवढं हिरवं, पण खाली गवत नाय. जितराबानं खायचं काय?"

संध्या मॅडम समजावू लागल्या, की वरच्या पानांनी ऊन अडवलं म्हणून खाली गवत उगवत नाही.

"म्हंजी मोठ्यांनी समदं घेतलं," आक्काबाई म्हणाल्या.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज भांडणाचा प्रसंग आला. आपल्या सहलीत भांडण होऊ नये हेच माझं पहिलं ध्येय होतं, ते दुसऱ्याच दिवशी संपलं.

सकाळी न्हानूनं एका उंबराच्या जातीच्या झाडाखाली बसवलं. फळं पिकली आहेत, धनेश येईल, पण हलायचं नाही. बसून बसून पायांना मुंग्या आल्या. एवढ्यात आक्काबाई एकदम उठल्या आणि खणखणीत आवाजात मला म्हणाल्या, "पोरी, फोन दे. घरी लावायचाय." वर पंखांचा मोठा आवाज झाला आणि थांबला. आम्हाला काहीच दिसलं नाही.

संध्या मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "मी ह्यासाठी किती वर्षं थांबलेय, तुला कल्पना आहे? उद्यापासून त्यांना घरी ठेव."

मी दोघींनाही "बरं" म्हणाले. बुद्धभूषण म्हणतो ते हेच.

फोनचं मात्र जमलं नाही. मी आधी स्वतः खंडेरावला लावला, तर तो म्हणाला, "ताई, आईकडं देऊ नका फोन. आवाज आईकला की तिला घर आठवंल, मग राहणार नाय तिथं. म्हणा, लागत नाय." आणि शक्य असेल तर एक दिवस वाढवा, सगळ्यांचा जादाचा खर्च माझ्याकडं, असंही म्हणाला. सगळ्यांचा! मी विचारलं तर बायका तयारच होत्या, संध्या मॅडम तर सगळ्यात आधी.

आक्काबाईंना सांगितलं, रेंज नाही. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "बरं," म्हणाल्या. "नसंल लागत."

थोडं वाईट वाटलं. पण मुलगाच म्हणतोय तर मी कोण?

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज दिवस चांगला गेला.

जंगल चढून वर गेलं की जांभ्या दगडाचं मोठं पठार आहे. इथले लोक त्याला सडा म्हणतात. एकदम आभाळ मोकळं, वारा, पावसाळ्याची शेवटची फुलं. आक्काबाई तिथं पोचल्या आणि पहिल्यांदा हसल्या. "हे कसं माणसासारखं हाये!" चपला काढून दगडावर बसल्या आणि डोक्यावरचा पदर वाऱ्याला उडू दिला. संध्या मॅडम जरा लांब बसल्या होत्या, पण थोड्या वेळानं त्यांनीच आपल्या डब्यातले शेंगदाणे पुढं केले.

न्हानू सांगत होता, की पूर्वी त्यांच्या म्हशी या सड्यावर चरायच्या. अभयारण्य झालं, चराई बंद झाली, म्हशी विकल्या. "वाईट नाही झालं," तो म्हणाला. "पाहुण्यांमुळे घर चालतं. मुलगी बेळगावला शिकते."

आक्काबाईंनी विचारलं, "म्हशी नेल्या तवा घरी कोण व्हतं?"

"वडील. त्यांनीच एकेकीची दोरी धरून टेम्पोत चढवली. मागाहून दोन दिवस जेवले नाहीत."

"त्यांना कुठं तरी धाडायचं व्हतं तुमी."

"सांगून बघितलं होतं. गेले नसते ते."

"सांगून कोण जातं?" आक्काबाई म्हणाल्या. "न सांगता धाडायचं व्हतं."

न्हानू हसला. मीही हसले. पण कल्पना चांगली सुचली. पुढच्या माहितीपत्रकात 'स्थानिकांशी मनमोकळ्या गप्पा' असा मुद्दा टाकायचा. आक्काबाईंसारख्या बाईला माणसांत जास्त रस असतो, झाडांत कमी.

११ ऑक्टोबर, शनिवार

आक्काबाईंची तब्येत बरी नाही. सकाळी मी पोहे नेऊन दिले तर विचारलं, "आज वार कोणता?"

"शनिवार."

ताटली बाजूला सरकवली. दुपारी भात नाही, संध्याकाळी पेज नाही. करुणानं नाडी बघितली, ताप बघितला, सगळं ठीक. मला वाटतं खोबऱ्याचं जेवण सोसत नसावं. आपल्याकडं बाजरी-ज्वारी खाणारी माणसं, इथं सगळ्यात नारळ.

दिवसभर त्या पडवीच्या पायरीवर बसून होत्या. बाकीच्यांना घेऊन मला जंगलात जावं लागलं. कुणीतरी थांबायला हवं होतं तर संध्या मॅडम आपणहून थांबल्या, आणि त्यांनी दुर्बीण माझ्याकडं दिली. परत आलो तेव्हा दोघी पायरीवर शेजारी शेजारी होत्या. नंतर मॅडम मला म्हणाल्या, "काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. मध्येच एकदा माझा हात धरला, तो सोडलाच नाही."

दुपारी, मी आत जायच्या आधी, दिपालीचा फोन येऊन गेला होता. "आत्या जेवल्या का?" एवढंच विचारायला. आवाज बसलेला वाटला, सर्दी झाली असेल. मागं मेंढ्यांचा नुसता कालवा चालू होता, आणि एखादा ट्रक मागं घेताना होतो तसा आवाज. गावाकडचे आवाज ऐकून मलाही घरची आठवण झाली. मी सांगितलं, "पोट बिघडलंय थोडं, काळजी करू नका." ती रडायला लागली. सासूवर एवढा जीव असलेली सूनही आजकाल दुर्मीळच.

१२ ऑक्टोबर, रविवार

वाढवलेला दिवस. आक्काबाई उठून स्वतः न्हाल्या, आमच्याबरोबर निघाल्या. मोजे चढवताना म्हणाल्या, "प्या म्हणावं रगात, किती प्यायचं ते."

त्याच झाडाखाली बसलो. या वेळी त्या हलल्या नाहीत. आधी आवाज आला, एखादं जुनं इंजिन धापा टाकत यावं तसा. मग वरून ते दोघं गेले, नर आणि मादी, पिवळी मोठी चोच, काळेपांढरे पंख, आणि समोरच्याच झाडावर उतरले. संध्या मॅडमनी दुर्बीण डोळ्याला लावली, आणि लगेच काढून आक्काबाईंच्या हातात दिली. आक्काबाईंना ती धरता येईना, म्हणून मॅडमनीच त्यांच्या डोळ्यांपुढं धरली.

बऱ्याच वेळानं आक्काबाई हळू आवाजात म्हणाल्या, "कुणाचे हायेत?"

"कुणाचेच नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"मंग बरं हाये."

दोन्ही पक्षी फळं खाऊन उडून गेले. मॅडम रडत होत्या. मी विचारलं नाही, पण आज सगळ्यांनाच खूप बरं वाटलं. परतीच्या वाटेवर गवेही दिसले, पण त्यांचं कुणाला विशेष वाटलं नाही.

आपली सहल यशस्वी झाली असं आता लिहायला हरकत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

कसं लिहावं कळत नाही. जसं झालं तसंच लिहिते.

शहरात सगळ्यांना सोडलं आणि आक्काबाईंना पोचवायला मी आणि सांडूभाऊ लासूरला गेलो. दुपार उतरली होती. गावाच्या अलीकडं, वळणावर, त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. सांडूभाऊ टपरीवर चहाला उतरले.

आक्काबाई म्हणाल्या, "पोरी, आता घरी गेल्यावर जरा आरडाओरडा व्हईल. तू भिऊ नको."

"का? काय झालं?"

"मेंढरं नसतील."

"कुठं गेली?" मी विचारलं. मी एवढी मठ्ठ.

"इकली. शनवारी गाडी भरली आसंल, व्यापारी शनवारीच उचलत्यात."

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. पांढऱ्या कपड्यातला पाव्हणा. तारखा. रेंज नसली तरी चालंल. दिपालीचा फोन, आणि मागचा तो आवाज, जो ऐकून मला गावची आठवण झाली होती. 

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगंल? खंड्या काय सांगंना, म्हणून तर कळलं. पोटचं पोर हाये माझं. कैक दिस झाले, जेवताना माझ्याकडं बघत नाय. आन् एकदम म्हणतो, आई, फिरून ये!"

"मावशी, मला बोलायचं होतं! मी गाडी परत वळवली असती. त्याला जाब विचारला असता. असं फसवून, आणि माझ्या हातून..."

"कोण फसवतं? म्या माझ्या पायानं गाडीत चढले."

 त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला.

"आता आईक. गुडघे गेले माझे. पाणकळ्यात चिखलानं दोनदा पडले, कुणाला सांगितलं नाय. जिथं माळ व्हता तिथं तारा ठोकून प्लॉट पाडले. पोरांना साळा, खंड्याला त्याची गाडी. मेंढरांमागं जायला हाये कोण? हे मला कळत नाय व्हय? पर त्यानं विचारलं आस्तं, तर माझ्या तोंडून 'व्हय' निघालं नस्तं. मरंस्तोवर निघालं नस्तं. आन् माझ्यादेखत नेली आस्ती, तर म्या त्याला जल्मात माफ केलं नस्तं. मंग काय करायचं? गेले तुझ्यासंगं झाडं बघाया."

"मग आता ओरडायचं कशाला?"

"न वरडले तर त्याला कळंल, की मला ठाऊक व्हतं. मंग तो इच्यार करत बसंल, आई तिकडं एकटी काय करत आसंल, कशी ऱ्हायली आसंल. जल्मभर करंल. त्यापरीस शिव्या बऱ्या. शिव्या खाल्ल्या की माणूस मोकळा व्हतो." मग माझं मनगट धरलं. "तू सांगायचं नाय. नवऱ्याला सांग, पर ह्याला नाय."

सांडूभाऊ परत आले. आम्ही घरापुढं गेलो. खंडेराव ओट्यावर उभा होता. नवा शर्ट घातला होता, कशासाठी कोण जाणे. दिपाली दारात. पोरं कुठं तरी पाठवलेली. काट्यांच्या कुंपणाचं तोंड उघडं होतं आणि आत कुत्रं झोपलेलं होतं.

आक्काबाई खाली उतरल्या. थोडं चालल्या, आणि थांबल्या. "खंड्या, मेंढरं कुठं हायेत रं?"

सुरुवातीचा आवाज खोटा होता. मला कळत होतं, कारण मला ठाऊक होतं. त्या हात उडवत होत्या, गावाला ऐकू जावं म्हणून ओरडत होत्या, त्याच्या बापाच्या नावानं शिव्या घालत होत्या. मग त्या वाड्यात शिरल्या. आत कुणीच नव्हतं. त्या मधोमध उभ्या राहिल्या आणि "खंड्या" म्हणायला तोंड उघडलं, तर आवाज निघाला नाही. तशाच खाली बसल्या, लेंड्यांवर, आणि त्यानंतर जे रडू आलं त्यात नाटक कुठंच नव्हतं.

खंडेराव धावला. आईच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं त्याला दोन्ही हातांनी पाठीत मारलं, परत परत मारलं, आणि मारता मारताच त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

मी पिशवी ओट्यावर ठेवली आणि गाडीत बसले. येताना सांडूभाऊ म्हणाले, "काय पोरगा आहे! म्हातारीला अंधारात ठेवून..." मी म्हटलं, वाटेत डिझेल भरून घ्या.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

बुद्धभूषणला सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "तुझी यात चूक नाही." आणि पुढं, "पण फोन द्यायला हवा होतास."

हो. त्यांनी स्वतः फोन मागितला होता, धनेशाच्या झाडाखाली. तेव्हा त्यांना काय विचारायचं होतं, की नुसता आवाज ऐकायचा होता, हे मला आता कधीच कळणार नाही. वळणावर त्याबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

एक ठरवलं आहे. यापुढं माणसाचं बुकिंग त्याच माणसाशी बोलून घ्यायचं. मुलगा, सून, नवरा, कुणी कितीही गोड बोललं तरी.

संध्या मॅडमचा मेसेज आला, पुढची सहल कधी? आणि आक्काबाईंचा नंबर हवाय. आक्काबाईंकडं फोन नाही. मॅडम म्हणाल्या, मग मी लासूरला जाऊन येईन.

१९ ऑक्टोबर, रविवार

खंडेरावचा फोन आला. मला उचलायचा नव्हता, पण उचलला.

"ताई, तुमी रागावला आसाल."

"बोला," मी म्हटलं.

"दुसरा मार्ग नव्हता, ताई. ती पाणकळ्यात पडली व्हती, मला गावातल्यांनी सांगितलं. परत कळपामागं गेली आस्ती तर एक दिस माळावरच राहिली आस्ती. आन् तिला इच्यारायची माझी छाती नव्हती. लई शिव्या घातल्या तिनं. दोन दिस बोलली नाय. काल भाकर खाल्ली, आज दिपालीला म्हणाली, कोंबड्या तरी आणा." मग म्हणाला,  "एक इच्यारू? तिकडं आसताना तिला काय शंका आली व्हती का? कधी काय बोलली?"

मला तो पडवीच्या पायरीवरचा शनिवार दिसला. न शिवलेली ताटली. मॅडमच्या हातात घट्ट धरलेला तो हात.

"नाही," मी म्हटलं. "त्यांना काहीच ठाऊक नव्हतं."

 मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"म्हंजी तेवढे दिस तरी ती सुखात व्हती, ताई."

"हो," मी म्हटलं. "लई सुखात होत्या."